‘सिस्टरने सलाईन लावावं’ म्हणणाऱ्यांना

आठवडाभर हा मेसेज ग्रुपवर फिरतोय: ‘मुलावर अत्याचार झालाय का, हे डॉक्टर-पोलिसांनी बघावं, सिस्टरने सलाईन लावावं. आईबापाने मारलं तर तो घरचा मामला. संशय खोटा ठरला तर सिस्टरच आत जाईल.’ मुंबईच्या एका महापालिका रुग्णालयात मुलांच्या वॉर्डात मी २२ वर्षं ड्युटी केली. यातलं एकही वाक्य मला मान्य नाही.

डॉक्टर राऊंड घेऊन पुढच्या खाटेकडे जातात. मुलाचं अंग पुसणं, कपडे बदलणं, रात्री तीनला रडलं तर उचलून घेणं, हे आमच्याकडे. म्हणून आधी दिसतं ते आम्हाला. गरम पाणी चुकून सांडलं तर भाजल्याच्या कडा वेड्यावाकड्या असतात, आजूबाजूला शिंतोडे असतात. पाय धरून बुडवला असेल तर मोजा घातल्यासारखी सरळ रेघ उमटते. धावणारं मूल गुडघे, नडग्या, कपाळ फोडून घेतं. कानामागे, मानेवर, पोटावर काळंनिळं सहसा खेळताना होत नाही. जे बाळ अजून पालथंही पडत नाही, त्याच्या अंगावर असं काही दिसलं तर लगेच डॉक्टरांना बोलवायचं. (कमरेखालचे जन्मजात निळसर डाग वेगळे. ते दुखत नाहीत, दोन दिवसांत रंगही बदलत नाहीत. ते ओळखता आले नाहीत तर निर्दोष आईवर आळ येतो.)

घरचा मामला? बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७५ सांभाळणाऱ्यानेच केलेल्या क्रूरतेला शिक्षा देतं. केंद्र सरकारच्या २००७ च्या पाहणीतही लैंगिक अत्याचार करणारे निम्मे जण मुलाच्या ओळखीतले, विश्वासातलेच होते.

आत जायची भीती तर उलटीच आहे. लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होईल असं वाटलं तर कळवणं पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ ने प्रत्येकावर बंधनकारक आहे, सिस्टरवरही. पुरावा तिने गोळा करायचा नाही. सद्हेतूने कळवणाऱ्याला संरक्षण आहे. शिक्षा आहे ती गप्प बसणाऱ्याला, सहा महिन्यांपर्यंत कैद. कुठल्याही मुलासाठी १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करता येतो.

माझ्या वॉर्डात चार वर्षांची एक मुलगी होती. सुईला घाबरायची नाही, भेटीची वेळ झाली की चादर तोंडावर ओढून घ्यायची. एका रात्री तिने दोन वाक्यं सांगितली आणि म्हणाली, ‘कोणाला सांगू नको.’ तसं वचन मी दिलं नाही. ती दोन वाक्यं तिच्याच शब्दांत, वेळ घालून केसपेपरवर लिहिली आणि तेव्हाच ड्युटीवरच्या डॉक्टरांना उठवलं.