ब्लॅक मेटलमध्ये राजकारण हवंच

"मेटल ऐकायचं तर ऐका, त्यात राजकारण कशाला आणता?" आमच्या इंदूरच्या गिगला येणारी मंडळी हे सर्रास म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही.

ब्लॅक मेटल हा मेटलचा, म्हणजे जड गिटारींच्या रॉकचा, काळोखा, किंचाळता प्रकार. त्यातून राजकारण कधी गेलंच नव्हतं. १९९२ पासून नॉर्वेत चर्च जाळली गेली. १९९३ मध्ये बुर्झुम या ब्लॅक मेटल बँडच्या वर्ग विकर्नेसने मेहेम या दुसऱ्या बँडच्या गिटारिस्टचा खून केला, आणि पुढे तोच माणूस उघड वंशवाद मांडू लागला. नाझी विचारांचे बँड त्याच संगीतातून निघाले. आपण "फक्त संगीत" म्हणत गप्प बसलो की त्यांचं आयतंच फावतं.

म्हणून मला इस्क्रा मोलाचा वाटतो. कॅनडातल्या व्हिक्टोरियाचा हा बँड, उघडपणे अराजकतावादी, म्हणजे कुणाचीच सत्ता न मानणारा. ब्लॅक मेटलचं ट्रेमोलो पिकिंग (गिटारवर एकच सूर भराभर छेडणं), किंचाळी, ब्लास्ट बीट (ड्रमचा अतिवेगवान मारा) आणि त्याला क्रस्ट पंकचा, म्हणजे पंकच्या खरखरीत, राजकीय प्रकाराचा, डी-बीट हा दौडता ठेका. ब्लास्ट बीट चालू असतो तेव्हा सगळं अंगावर कोसळत असतं, पाय कुठे ठेवावा कळत नाही. मग डी-बीट येतो आणि तीच चीड चालू लागते, मोर्चासारखी. ब्लॅक मेटल एरवी बर्फात, जंगलात, एकटेपणात रमतं. क्रस्ट जन्मला ऐंशीच्या दशकातल्या ब्रिटनमध्ये, बेकारी आणि अणुयुद्धाच्या भीतीत. दोन्ही एकत्र आले की निराशेला कुणाला जाब विचारायचा ते कळतं.

"शब्दच कळत नाहीत, मग राजकारण कसलं?" असंही ऐकलंय. अहो, वाचा ना! रेकॉर्डबरोबर गाण्यांचे शब्द, लेखसुद्धा छापून द्यायची पंकमध्ये जुनी रीत आहे.

आणि हे सगळं आपल्याला परकं का वाटावं? अण्णाभाऊ साठे, अमर शेख डफ घेऊन मुंबईच्या गिरणगावात गेले, ते काय नुसत्या करमणुकीला? आपल्या इंदुरात हुकुमचंद मिल ही कापड गिरणी डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. थकलेले पैसे कामगारांच्या हाती यायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. तोवर कितीतरी जण वाट बघत वारले. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या (रोषणाईचे फिरते देखावे) निघतात, सगळं इंदूर रात्रभर जागतं, टाळ्या वाजवतं. त्या माणसांच्या बत्तीस वर्षांवर इथल्या कुठल्या बँडचं गाणं मी तरी ऐकलेलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं, कारण हात तयार आहेत. निकोटिन या इंदूरच्या बँडने २००६ पासून इथे मेटलची वाट पाडली, त्यानंतरची पोरं तर काय सफाईने वाजवतात! पण गाणी अजून राक्षस आणि थडग्यांवरच.

इस्क्राचा २००९ चा 'बुरेव्हाल' हा अल्बम गाण्यांचे शब्द समोर ठेवून ऐका. लिव्हरपूलचा डॉन रेड हा अराजकतावादी ब्लॅक मेटल बँड ऐका, २०२३ मध्ये थांबला तो. त्यांचा गायकच व्हायोलिन वाजवायचा. आणि मिलवर मराठीत, माळवीत, हिंदीत कुणी काही रचणार असेल तर मला मेसेज करा. तिथे आयुष्य काढलेल्या माणसांशी गाठ घालून देणं माझ्याकडे लागलं.