जहाजावर डॉक्टर असतो, मग बाळाला नेताना एवढा विचार कशाला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

बाळाला क्रूझवर नेण्याबद्दलच्या लेखावर तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं बाळ दहा महिन्यांचं आहे, सात रात्रींची सफर ठरवायच्या बेतात आहात, आणि लेखाने उगाच धास्ती घातली असं तुमचं म्हणणं आहे. तुमचे आक्षेप असे: कंपनी सहा महिन्यांच्या बाळाला घेते, मग काही मार्गांसाठी वर्षभर थांबायला का सांगता? जहाजावर चोवीस तास डॉक्टर असतो. पोहण्याचा डायपर घातल्यावरही तलावात बंदी हा आडमुठेपणा आहे. नव्वद डायपर न्यायला सांगणं अतिरेकी आहे. आणि बाल्कनीच्या केबिनचा आग्रह चुकीचा आहे.

शेवटचा आक्षेप मला मान्य आहे, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. बाकीच्या मुद्द्यांवर मात्र माझं मत बदललेलं नाही.

आधी वय. बऱ्याच कंपन्यांची किमान अट ६ महिन्यांची आहे आणि ती जहाजावर चढण्याच्या दिवशी पूर्ण झालेली लागते, बुकिंगच्या दिवशी नव्हे. पण त्याच कंपन्या महासागर ओलांडणाऱ्या किंवा सलग बरेच दिवस बंदर न लागणाऱ्या सफरींसाठी ही अट १२ महिन्यांवर नेतात. सलग किती दिवस म्हणजे 'बरेच', ते कंपनीगणिक बदलतं. कुणी दोन धरतं, कुणी तीन. म्हणजे वर्षभराची अट लेखाने घातलेली नाही, ती कंपन्यांचीच आहे. कारणही सरळ आहे. किनाऱ्यापासून लांब असताना तान्हं बाळ गंभीर आजारी पडलं, तर त्याला वेळेत रुग्णालयात पोचवणं अवघड होतं.

इथेच डॉक्टरांचा मुद्दा येतो. मोठ्या प्रवासी जहाजांवर डॉक्टर आणि नर्स असतात, दवाखाना असतो आणि तो चांगलाही असतो. पण डॉक्टर बहुधा तातडीच्या उपचारांमधले असतात, बालरोगतज्ज्ञ नसतात. तान्ह्या बाळाचा अतिदक्षता विभाग जहाजावर नसतो. तिथलं काम म्हणजे रुग्णाला सावरून धरायचं आणि किनाऱ्यावर पोचवायचं. आता हिशोब करा. २० नॉटचा वेग म्हणजे ताशी साधारण ३७ किलोमीटर. बंदर ७०० किलोमीटरवर असेल तर जहाज वळवूनही जवळजवळ १९ तास लागतात. हेलिकॉप्टरचा पल्ला मर्यादित असतो, आणि वारा-ढगांपुढे तोही उपयोगाचा राहत नाही. म्हणून मार्ग निवडताना बाळाच्या वयाइतकंच, सफरीतल्या कुठल्याही क्षणी सुसज्ज रुग्णालय किती तासांवर आहे, हे पाहायला हवं. रोज किंवा दिवसाआड बंदर घेणारी सात रात्रींची सफर दहा महिन्यांच्या निरोगी बाळाला चालेल. सलग चार दिवस पाणीच पाणी असेल, तर दीड वर्षाच्या बाळालाही मी नेऊ नका म्हणेन. बाळ मुदतीआधी जन्मलेलं असेल, किंवा त्याला दमा, फिट येणं किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांना नकाशा दाखवा. जहाजावरच्या उपचारांचं बिल वेगळं लागतं, त्यामुळे विमा घेताना 'समुद्रातून वैद्यकीय स्थलांतर' हे कलम शोधा आणि बाळाचं नाव पॉलिसीत स्वतंत्रपणे आहे ना, ते पाहा.

तलावाबद्दलचा तुमचा राग समजतो. बाळ पाण्याकडे झेपावतं आणि त्याला मागे ओढावं लागतं. पण पोहण्याचा डायपर नेमकं काय करतो ते बघा. तो घट्ट शी काही काळ अडवतो. पातळ शी आणि जंतू त्याच्यातून पाण्यात सहज उतरतात. क्लोरीन बहुतेक जंतू काही मिनिटांत मारतं, पण क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाबाचा परजीवी नीट क्लोरीन असलेल्या पाण्यातही सात दिवसांहून जास्त जगू शकतो. जहाजावरचे तलाव लहान असतात आणि त्यात माणसं दाटीने उतरतात. एका बाळाचे जुलाब तिथे बऱ्याच जणांपर्यंत पोचू शकतात, आणि त्यात दुसरी बाळंही आलीच. अमेरिकेत १९७५ पासून जहाजांच्या स्वच्छतेचा सरकारी कार्यक्रम चालतो. परदेशी फेऱ्या करणारी, १३ किंवा जास्त प्रवाशांची आणि अमेरिकी बंदरात येणारी जहाजं त्याच्या कक्षेत येतात. शीचं भान न आलेल्या मुलांना सार्वजनिक तलावात न उतरवण्याचा नियम त्यातलाच आहे. बऱ्याच कंपन्या तो इतरत्रही पाळतात. गरम पाण्याच्या टबलाही तोच नियम लागू होतो.

काही जहाजांवर डायपरवाल्या मुलांसाठी वेगळी कारंज्यांची जागा असते आणि तिचं पाणी व गाळणी स्वतंत्र असते. तशी जागा तुमच्या जहाजावर आहे का, हे बुकिंगआधी विचारा. कंपनीत एका जहाजावर असते आणि दुसऱ्यावर नसते, त्यामुळे उत्तर जहाजाच्या नावानिशी घ्या. नसेल तर हवा भरून फुगवायचा छोटा टब न्या. साध्या केबिनमध्ये बहुधा फक्त शॉवर असतो, त्यामुळे आंघोळीलाही तोच कामाला येईल.

आता नव्वद डायपर. दहा महिन्यांच्या बाळाला दिवसाला ६ ते ७ लागतात. सात रात्री म्हणजे आठ दिवस, त्यात घर ते बंदर आणि परतीचे दोन दिवस धरा. दहा दिवसांचे ७० होतात. वरचे २० जुलाबांसाठी आहेत, कारण पोट बिघडलं की एका दिवसात १२ सहज संपतात. जहाजावरच्या दुकानात डायपर असलेच तर एखाद्याच मापाचे असतात. बंदरावर खरेदी करू म्हणाल, तर जहाज किनाऱ्यावर सहा-आठ तासच असतं, आणि नेमका रविवार किंवा सुट्टी असली तर दुकानं बंद असू शकतात. डायपर हलके असतात, फक्त जागा खातात. जाताना त्यांनी व्यापलेल्या जागेत येताना मळके कपडे बसतात.

पावडरच्या दुधाचाही असाच हिशोब मांडा. दिवसाला ६०० मिलिलिटर दूध पिणाऱ्या बाळाला साधारण ८० ग्रॅम पावडर लागते. दहा दिवसांचे ८०० ग्रॅम, म्हणजे ४०० ग्रॅमचे दोन डबे आणि एक शिलकी. बाळाला सवय असलेलाच प्रकार न्या. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून जागतिक आरोग्य संघटना दूध कालवायला ७० अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानाचं पाणी वापरू नका असं सांगते. अडचण अशी की आगीच्या भीतीने केबिनमध्ये स्वतःची किटली लावायला सहसा बंदी असते, आणि बाटली गरम करायचं यंत्रही सामान तपासताना काढून घेतलं जाऊ शकतं. उपाय म्हणजे चांगला थर्मास. उपाहारगृहातून उकळतं पाणी थेट थर्मासात घ्या, अर्ध्या तासाच्या आत दूध कालवा आणि बाटली वाहत्या गार पाण्याखाली धरून निववा. कालवलेलं दूध दोन तासांत संपवा, उरलं तर फेका. केबिनमधल्या छोट्या फ्रिजवर भिस्त ठेवू नका, कारण तो पुष्कळदा नुसता पेयं गार ठेवण्यापुरताच असतो. अंगावरचं दूध काढून ठेवायचं असेल, तर आत थर्मामीटर ठेवून बघा. ४ अंश किंवा त्याखाली असेल तर दूध चार दिवस टिकतं. नसेल तर दवाखान्याच्या किंवा स्वयंपाकघराच्या फ्रिजसाठी विनंती करा.

बाळाला भरवायचं असेल, तर उकडून कुस्करलेल्या, बिनमिठाच्या भाज्या आदल्या संध्याकाळी मागितल्या की बहुतेक जहाजांवर करून देतात. मुख्य भोजनगृहातलं जेवण दीड-दोन तास चालतं, तेवढा वेळ बाळ उंच खुर्चीत बसणार नाही. पहिली पाळी घ्या, आणि बसल्या बसल्या बाळाचं आधी मागवा.

पोटाच्या आजाराबद्दल लेखात कमी लिहिलं होतं, खरं तर तिथे जास्त लिहायला हवं होतं. उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस जहाजांवर अधूनमधून पसरतो. दारात ठेवलेलं अल्कोहोलचं जेल त्याच्यावर फारसं चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी, २० सेकंद, हाच भरवशाचा उपाय. रांगणारं बाळ कठडे, गालिचे, लिफ्टची बटणं हाताळतं आणि तोच हात तोंडात घालतं, म्हणून तुमच्याबरोबर त्याचेही हात धुवा. डायपर केबिनमध्ये किंवा ठरलेल्या जागीच बदला, भोजनगृहाच्या सोफ्यावर कधीही नको.

जुलाब लागले तर जलसंजीवनीची पाकिटं जवळ असू द्या. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवा. अंदाजाने अर्धं पाकीट अर्ध्या बाटलीत घातलं की मिठाचं प्रमाण बिघडतं. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने. ओकारी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि आणखी सावकाश द्या. दूध बंद करू नका. सहा तास डायपर कोरडा, रडताना अश्रू नाहीत, टाळू खोल गेलेली, बाळ मलूल, यातलं एकही दिसलं तर वाट न पाहता दवाखान्यात जा. आजार लपवू नका. केबिनमध्येच थांबायला सांगतील या भीतीने लोक लपवतात, आणि मग तो साऱ्या डेकवर पसरतो.

तापाचं औषध घरचंच न्या, पिचकारीसकट. पॅरासिटामॉलची मात्रा वजनावर ठरते: किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार तास. ९ किलोच्या बाळाला १३५ मिलिग्रॅम लागतात. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेल्या औषधाचे ते साधारण साडेपाच मिलिलिटर होतात, तर २५० मिलिग्रॅमवाल्याचे जेमतेम २.७. अनोळखी बंदरावर घेतलेल्या बाटलीतून सवयीने साडेपाच मिलिलिटर दिले, तर मात्रा दुप्पट होते. मात्रा डॉक्टरांकडून मिलिलिटरमध्ये लिहून घ्या आणि कागद बाटलीलाच चिकटवा.

बोट लागण्याची चिंता बाळाच्या बाबतीत कमीच करा. दोन वर्षांखालच्या मुलांना ती क्वचित लागते, आणि तिच्यावरची नेहमीची औषधं या वयात देऊही नयेत. प्रोमेथाझिनने दोन वर्षांखालच्या मुलांचा श्वास मंदावण्याचा धोका असतो. बोट आई-बाबांना लागते. गोळीने झोप येते, म्हणून दोघांनी एकाच वेळी घेऊ नका. एक जण पूर्ण जागा असायलाच हवा. अंगावर पाजणाऱ्या आईने गोळी आधी डॉक्टरांना विचारून ठरवावी. केबिन जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या डेकवर घेतलं की हेलकावे कमी जाणवतात.

आता बाल्कनी. तुम्ही लिहिलंत की आतल्या, बिनखिडकीच्या केबिनमध्ये अंधार असतो आणि बाळ छान झोपतं. हे खरं आहे, आणि लेखात ते यायला हवं होतं. चालायला लागलेल्या, खुर्चीवर चढणाऱ्या मुलासाठी तर बाल्कनी नसलेलीच बरी. कठडा मीटरभर उंच असतो, पण त्याला लागून ठेवलेली खुर्ची ती उंची अर्ध्यावर आणते. बाल्कनी घेतलीच तर खुर्च्या बाहेर ठेवू नका आणि दाराची वरची कडी कायम लावा. आतल्या केबिनची अडचण जागेची आहे. सुमारे १५ चौरस मीटरच्या खोलीत बाळाची कॉट उघडली की चालायची वाट बुजते. म्हणून पलंग भिंतीला सरकवून मागा. कॉट मोजक्याच असतात, तेव्हा विनंती बुकिंगच्या वेळीच करा आणि लेखी उत्तर घ्या.

केबिनमधलं एक संकट फारसं कुणी सांगत नाही: दार. ते आगरोधक, जड आणि आपोआप मिटणारं असतं. बाल्कनीचं दार उघडं असेल तर हवेच्या दाबाने ते धाडकन आपटतं, आणि बाळाची बोटं बिजागरीपाशी असतात. दोन्ही दारं एकदम उघडू नका. न्हाणीघराचा उंबरठाही उंच असतो, नवं चालणारं मूल तिथे हमखास अडखळतं. बाबागाडी घडीची, अरुंद घ्या. मार्गिकेत ती ठेवता येत नाही, कारण संकटकाळी तीच बाहेर पडायची वाट असते. छोट्या बोटीतून किनाऱ्यावर नेणाऱ्या बंदरांवर गाडी घडी करावीच लागते, तिथे बाळ अंगाशी बांधायची झोळी जास्त सोयीची.

आणखी एक गोष्ट चढल्या चढल्या करा. केबिनमधली लाइफ जॅकेटं मोठ्यांची असतात. आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षा नियमांनुसार २४ तास किंवा जास्त काळाच्या सफरीत जहाजावरच्या प्रत्येक तान्ह्या बाळासाठी वेगळं जॅकेट लागतं. १५ किलोंपेक्षा कमी वजन आणि १०० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीसाठी ते बनवलेलं असतं. ते मागून घ्या आणि एकदा घालून पाहा. कोस्टा कॉन्कॉर्डिया या क्रूझ जहाजाचा अपघात जानेवारी २०१२ मध्ये झाला, तेव्हा नव्याने चढलेल्या प्रवाशांची सुरक्षेची कवायत झालेली नव्हती. १ जानेवारी २०१५ पासून ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घेणं बंधनकारक आहे. सात छोटे आणि एक लांब भोंगा वाजतो, तेव्हा बाळाचे कान झाका.

पाळणाघराची सोय काही जहाजांवर ६ ते ३६ महिन्यांच्या मुलांसाठी असते. जागा थोड्या आणि तासाचे पैसे वेगळे, म्हणून बुकिंग पहिल्याच दिवशी किंवा आधी ऑनलाइन करा. मुलांचे मोफत क्लब बहुधा तीन वर्षांपासून आणि डायपर सुटलेल्यांसाठीच असतात.

तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर असं: तुमच्या सफरीत सलग एकाहून जास्त दिवस बंदराविना नसेल, बाळ निरोगी असेल आणि विम्यात स्थलांतराचं कलम असेल, तर जरूर जा. बाल्कनीबद्दलचं मूळ लेखातलं वाक्य आजच बदलत आहे, नोरोव्हायरसचा भागही वाढवत आहे. आणि चढण्याच्या दिवशी मोठ्या बॅगा केबिनमध्ये यायला संध्याकाळ होऊ शकते. म्हणून हातातल्या पिशवीत दहा डायपर, दोन कपडे, दिवसभराचं दूध, भरलेला थर्मास, औषधं आणि बाळाचा पासपोर्ट ठेवा.