आरएनए म्हणे नुसता पोस्टमन!

बारावीच्या नोट्सपासून रील्सपर्यंत एक दावा ठाण मांडून बसला आहे: "डीएनए साहेब, प्रथिनं कामगार आणि आरएनए नुसता पोस्टमन. त्यातलं काय कापायचं, काय ठेवायचं ते प्रथिनंच ठरवतात. आरएनएचे स्वतःचे खटके फक्त जीवाणूंत असतात."

शेवटचं वाक्य आधी घेऊ, कारण ते चटकन निकालात निघतं. जीवाणूंतले रायबोस्विच (एखादा रेणू चिकटला की घडी बदलून जनुक चालू-बंद करणारे आरएनएचे खटके) 2002 मध्ये उजेडात आले आणि 2003 मध्येच येल विद्यापीठात रोनाल्ड ब्रेकर यांच्या गटाने तसेच आरएनए वनस्पती आणि बुरशींच्या जनुकांतही दाखवले. जीवाणूंत त्यांचे डझनावारी प्रकार आहेत, झाडांत पक्का ठाऊक असलेला एकच, हे मान्य. पण एक म्हणजे शून्य नव्हे.

तो एक बी1 जीवनसत्त्वाच्या, म्हणजे थायमिनच्या, जनुकात बसला आहे. अ‍ॅराबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातलं इवलंसं रोप. त्याचं टीएचआयसी जनुक थायमिनचा अर्धा भाग घडवणारं एन्झाइम बनवतं. या आरएनएत प्रथिनाचा मजकूर संपल्यावर एक शेपटी उरते आणि खरी गंमत त्या शेपटीत आहे. पेशीत टीपीपी (थायमिनचं वापरातलं रूप) कमी असेल, तर शेपटीचा एक तुकडा स्वतःच दुमडून 'इथे काप' या खुणेला चिकटतो. शिंप्याने कापडावर खडूने खूण करावी आणि ती नेमकी चुणीत जावी, तसं. खूण दिसत नाही, म्हणून कात्री चालत नाही. शेपटी आखूड राहते, आरएनए टिकतो आणि एन्झाइम बनत राहतं. टीपीपी वाढलं की ते आरएनएच्या खोबणीत जाऊन बसतं, घडी बदलते, खूण उघडी पडते. कापलेल्या तुकड्याबरोबर 'शेपटी इथे थांबव' हा इशाराही जातो. मग शेपटी लांबते आणि असा आरएनए फार टिकत नाही. प्रथिनाच्या मजकुराला मात्र कुठेही धक्का नाही!

कात्री स्प्लायसिओझोमची (आरएनए कापून जोडणाऱ्या पेशीतल्या यंत्राची), त्यात प्रथिनं भरपूर, हे कुणी नाकारत नाही. पण टीपीपीची चाहूल घेणारा आरएनएच. मधे कुठलंही प्रथिन लागत नाही.

"असेल, पण झाडाला काय फरक पडतो?" असंही विचारलं जातं. हा खटका बिघडवलेली अ‍ॅराबिडॉप्सिसची रोपं पिवळी पडली, खुरटली. जीवनसत्त्व जास्त झालं तरी झाडाला सोसत नाही.

आता पोस्टमनचा मुद्दा. इथे दाव्याला थोडं झुकतं माप देतो, कारण पुढच्या उदाहरणात प्रथिन खरंच लागतं. रायबोसोम म्हणजे प्रथिनं बनवणारं यंत्र; त्यातल्या 5एस आरएनएच्या निर्मितीला टीएफआयआयआयए हे प्रथिन लागतं. जमिनीवरच्या वनस्पतींत या प्रथिनाच्याच जनुकात एक एक्झॉन (मजकुराचा तुकडा) आहे, हुबेहूब 5एसचं सोंग घेतलेला. तो आरएनएत राहिला तर मजकूर अर्ध्यावर तुटतो. एल5 हे प्रथिन एरवी 5एसला धरून असतं. 5एस कमी पडला की मोकळं एल5 या तोतयाला धरतं, एक्झॉन गळतो, प्रथिन पुरं बनतं आणि 5एस पुन्हा वाढतो. म्हणजे धरणारं प्रथिन असलं, तरी खटका आरएनएच्या घडीतच आहे; तो नुसता पोस्टमन नाही. 2009 मध्ये हे उलगडलं. 2012 मध्ये हाच एक्झॉन दुसऱ्या जनुकांत घालून, एल5 वाढवून ती चालू-बंद करून दाखवली गेली.