‘एशिया’ पृथ्वीला घासून जाणार नाही, सोनोग्राफी रद्द करू नका

काल कोपरीला बहिणीकडे गेलो. तिला सातवा महिना आहे. भरदुपारी घरात अंधार, खिडक्यांच्या काचांवर जुने पेपर चिकटवलेले, आणि आजची सोनोग्राफी तिने रद्द केलेली. कारण सासरच्या ग्रुपवर आलेला फॉरवर्ड: ‘मद्रासला १८६१ मध्ये सापडलेला एशिया ग्रह या अमावास्येला पृथ्वीला घासून जाणार. नुसत्या डोळ्यांनी दिसेल. गरोदर बायकांनी बाहेर पडू नये. शोध भारतीयाचा, श्रेय इंग्रज पॉगसनने लाटलं.’ ठाण्यातल्या आणखी दोन ग्रुपवर मला हेच आलं.

घासून कसा जाईल? नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेची लघुग्रहांची (सूर्याभोवती फिरणाऱ्या लहान खडकाळ गोळ्यांची) यादी कुणालाही फुकट बघता येते. त्यात ६७ क्रमांकावर एशिया आहे. सूर्याच्या सगळ्यात जवळ असतानाही तो त्याच्यापासून साधारण साडेएकोणतीस कोटी किलोमीटरवर असतो. पृथ्वी पंधरा कोटींवर. म्हणजे दोघांत कमीत कमी चौदा कोटींचं अंतर उरतंच. चंद्र सरासरी चार लाखांच्याही आत आहे, आणि तो रोज डोक्यावरून जातो. मग गर्भावर परिणाम कसला?

डोळ्यांनी दिसण्याची गोष्ट तर खगोलशास्त्रज्ञ पॉगसनच्याच मापाने खोटी ठरते. त्याने १८५६ मध्ये ताऱ्यांच्या तेजाचं गणित पक्कं केलं. प्रत म्हणजे तेजाची पायरी, आकडा मोठा तितका तारा मंद: पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात १०० पट, एका प्रतीचा २.५१२ पट. काळ्याकुट्ट आकाशात आपल्याला सहाव्या प्रतीपर्यंत दिसतं. एशिया फार तर दहाव्या प्रतीच्या आसपास पोचतो, म्हणजे त्याहून चाळीसएक पट मंद. घोडबंदर रोडच्या उजेडात बोलायलाच नको.

श्रेय लाटलं म्हणावं, तर मद्रासच्या वेधशाळेत येण्याआधीच इंग्लंडमध्ये पॉगसनच्या नावावर आयसिस, ॲरिअ‍ॅड्नी आणि हेस्टिया हे तीन लघुग्रह होते. एक मात्र मान्य करतो. त्याच वेधशाळेतल्या चिंतामणी रघुनाथाचारींचं नाव आपल्या शाळांत कुणी घेत नाही, हे खरंच वाईट आहे. १८६७ मध्ये त्यांनी आर रेटिक्युली हा रूपविकारी (तेज कमी-जास्त होणारा) तारा शोधला. १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणाआधी (शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसतो ते), आकाशात नेमकं काय घडणार हे सामान्य माणसाला कळावं म्हणून त्यांनी पुस्तिका लिहिली. त्या माणसाची बाजू घ्यायची म्हणून बायकांना घाबरवता?

पेपर मी काढलेत. सोनोग्राफीची उद्या सकाळी दहाची वेळ मिळाली आहे. सासूबाई सोबत येतो म्हणाल्यात.