सत्तर चार, चौऱ्याहत्तर

माझी मुलगी जर्मनीत दुसरीत शिकते. गेल्या आठवड्यात बाईंनी 'फिअरउंडझीबत्सिश' म्हटलं आणि तिने वहीत 47 लिहिलं. शब्दाचा अर्थ 'चार आणि सत्तर'. कानावर चार आधी पडले, तिने चार आधी लिहिले. तिच्या शेजारच्या तुर्की मुलाच्या घरी 'येतमिश द्योर्त' म्हणतात, म्हणजे सरळ सत्तर चार. शाळेत आलं की त्याला ते उलटं करावं लागतं.

मला 2019 चा जून आठवला. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन आलं होतं. समितीच्या अध्यक्ष, गणितज्ञ मंगला नारळीकर, सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांमुळे मुलं बिचकतात. दक्षिणेकडच्या भाषांत दशक आधीच म्हणतात. पण मराठी बुडाल्याची ओरड झाली, विधानसभेतही टिंगल झाली. आमच्या घरच्या ग्रुपवर एका काकांनी लिहिलं, 'आम्ही शिकलोच ना?' मीही दुजोरा दिला होता.

तो दुजोरा चुकलाच. 'एकोणसाठ'मध्ये साठ ऐकू येतं आणि लिहायचे असतात पाच-नऊ. ज्या मुलांची गाडी तिथेच अडली, ती त्या ग्रुपवर नव्हती. मेळघाटात घरी कोरकू बोलणारं मूल पहिलीत मराठी आणि गणित एकदमच शिकतं. भाषेत अडखळलं की त्याच्यावर 'गणितात कच्चा' असा शिक्का बसतो, आणि तो वर्षानुवर्षं पुसला जात नाही.

नॉर्वेने 1951 मध्ये सरकारी निर्णयाने दशक आधी म्हणायला सुरुवात केली. टेलिफोन नंबर सांगताना होणारा घोळ हे त्यामागचं एक कारण. जुनी तऱ्हा तिथे अजून ऐकू येते. जर्मनीत बोखुमचे गणिताचे प्राध्यापक लोथार गेरित्सेन यांनी याच मागणीसाठी संस्था काढली, तरी शाळा अजून जुन्याच वळणावर आहेत.

मला जुने शब्द फार प्रिय आहेत. 'बारा सक बाहत्तर'ची लय 'सत्तर दोन'ला येणार नाही, आणि पाढे तसेच राहावेत असंच मला वाटतं. पण दुसरीतल्या मुलाने 'सत्तर दोन' म्हटलं तर त्याला पूर्ण गुण मिळायला हवेत.

मी मुलीला आता दोन्ही सांगते. परवा तिने फोनवर माझ्या आईला विचारलं, "आजी, तू सत्तर चार वर्षांची ना?"

आई क्षणभर थांबली. "हो गं बाळा, चौऱ्याहत्तर."