हाडांना धक्के पण लागतात

तरुणांच्या हाडांसाठी दूध, ऊन आणि गोळ्या यांवर तुमच्या लेखात भर दिलाय. चूक काहीच नाही, पण हालचालीला एकच ओळ मिळाली, ते खटकलं. हाडावर भार पडला की तिथल्या पेशी हाड मजबूत करतात. टेनिसपटूच्या खेळणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्यापेक्षा जाड असतं, ते याचमुळे. उलट अवकाशात पुरेसा व्यायाम झाला नाही तर खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला १ ते १.५ टक्के घटते. पोहणं, सायकल हृदयाला उत्तम, पण हाडांना त्यातून फारसं मिळत नाही. उड्या, दोरी, पळणं हवं.

अर्थात पळणंही पोटभर जेवून. माझी मुलगी १७व्या वर्षी रोज पळायची आणि जेवायची चिमणीएवढं. चार महिने पाळी नव्हती, पण आम्हाला सांगितलं नाही. कटकट गेली म्हणून खूश! मग नडगी दुखायला लागली. एका ठरावीक जागी बोट टेकलं की कळ. आम्ही आपले आठवडाभर मलम चोळत बसलो. एमआरआयमध्ये बारीक तडा निघाला. अन्न कमी पडलं की इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटतं आणि हाडाची झीज भरून येत नाही, हे तेव्हा डॉक्टरांकडून कळलं. आणि हाडांची बहुतेक कमाई विशीच्या आतबाहेरच होते, म्हणजे ऐन भरतीच्या वर्षांत गळती.

सिगारेट हाडांना वाईट, हे लेखात आहेच. पाळी चुकण्याचा मुद्दाही घालाल का? वजन उतरलं म्हणून घरात कौतुकच चाललेलं असतं.