‘कोरियाचे दरबारी नृत्य 1910 मध्येच संपले’ या दाव्याविषयी

कोरियाच्या दरबारी नृत्याच्या चित्रफितींखाली एक मजकूर ठरलेला असतो. 1910 मध्ये जपानने कोरिया ताब्यात घेतल्यावर हे नृत्य संपले, आज सोलमध्ये दाखवतात ते पर्यटकांसाठी नव्याने रचलेले आहे, आणि तसेही ते मुळात चीनकडून उसने आणलेले होते, असा त्याचा सारांश असतो. या तिन्ही विधानांत सत्याचा थोडाथोडा अंश आहे, म्हणूनच ती पटकन पटतात. परंतु तो अंश जिथे संपतो तिथूनच नेमका या नृत्याचा इतिहास सुरू होतो.

1910 मध्ये राज्य बुडाले, दरबारी मेजवान्या थांबल्या आणि कलावंतांची व्यवस्था विस्कटली, हे खरेच आहे. मात्र पदच्युत राजघराण्याच्या कारभारात एक संगीत विभाग तग धरून राहिला, कारण जोंगम्यो या राजकुलाच्या पितृमंदिरातील पूजाविधी चालूच होते आणि त्यांना वादक लागत होते. याच विभागाच्या प्रशिक्षणशाळेत 1922 मध्ये दाखल झालेला किम चॉन-हुंग हा मुलगा पुढच्याच वर्षी, माजी सम्राट सुनजोंग यांच्या पन्नाशीच्या समारंभात, त्यांच्यासमोर नाचला. त्या मुलांना शिकवणारे किम योंग-जे आणि हाम ह्वा-जिन हे दरबारी संगीताच्याच परंपरेतले होते. किम चॉन-हुंग 1909 मध्ये जन्मले आणि 2007 मध्ये वारले. या दीर्घ आयुष्यात त्यांनी नर्तकांच्या अनेक पिढ्या घडवल्या. दुसरीकडे, दरबारातून बाहेर पडलेल्या गिसेंग कलावंतिणींच्या संघांमध्ये हा ग्यू-इल यांच्यासारखे गुरू दरबारी नृत्ये शिकवीत राहिले. पूर्वी मोठ्या समारंभांसाठी प्रांतोप्रांतीच्या कलावंतिणी राजधानीत बोलावल्या जात आणि काम आटोपले की गावी परतत. त्यामुळे दरबारातले नृत्य दरबाराबाहेरही रुजले होते. 1967 मध्ये राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदले गेलेले जिंजू येथील तलवारनृत्य आपल्यापर्यंत पोहोचले ते याच वाटेने. धागा बारीक झाला होता, पण तुटला नव्हता.

‘पर्यटकांसाठी रचलेले’ हा आरोप तारखांसमोर टिकत नाही. ही नृत्येही जपणारे दक्षिण कोरियाचे राष्ट्रीय पारंपरिक संगीत केंद्र सुरू झाले ते 1951 मध्ये, बुसानमध्ये, कोरियन युद्ध ऐन भरात असताना. त्या वर्षी तिथे निर्वासितांचे लोंढे येत होते, पर्यटक नव्हेत.

आरोपाचा दुसरा भाग, म्हणजे ही नृत्ये नव्याने रचली गेली असे म्हणणे, अधिक गंभीर आहे आणि त्याचे उत्तर जरा सविस्तर द्यावे लागते. 1493 मध्ये राजा सोंगजोंग यांच्या काळात सिद्ध झालेल्या ‘आखाक ग्वेबोम’ या ग्रंथात वाद्ये, पोशाख आणि नर्तकांच्या रांगा यांची आकृत्यांसह नोंद आहे. राजसमारंभांचे सचित्र वृत्तांत, म्हणजे ‘उइग्वे’, त्यात भर घालतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या नृत्यपोथ्या, म्हणजे ‘होलगी’, तर प्रत्यक्ष क्रमच सांगतात: ‘बाक’ या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याचा ठोका पडला की कोणी पुढे यायचे, कोणी वळायचे आणि कोणते पद गायचे. राजपुत्र ह्योम्योंग यांनी 1828 मध्ये आपल्या आईच्या चाळिसाव्या वाढदिवसासाठी रचलेले ‘चुनएंगजॉन’ एकाच फुलांच्या नक्षीच्या चटईवर एकटीने नाचायचे असते. त्याच्या पोथीत हालचालींना ‘वाहत्या पाण्यावर गळणारी फुले’ अशा अर्थाची नावे दिलेली आहेत. हे सारे हाताशी असताना ‘रचले’ हा शब्द वापरणे म्हणजे जुन्या बंदिशीचे स्वरलेखन पाहून गाणाऱ्याला त्या बंदिशीचा रचनाकार ठरवण्यासारखे आहे.

तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पोथी क्रम सांगते, पण गुडघा किती वाकवायचा, श्वास कुठे घ्यायचा आणि लांब रंगीत बाही उचलताना किती वेळ लावायचा, हे ती सांगत नाही. जी नृत्ये केवळ लेखी आधारावर पुन्हा उभी केली गेली, त्यांत ही पोकळी गुरूंनी आपल्या जाणकारीने भरली आहे, आणि माझ्या मते अशा नृत्यांचा परिचय ‘परंपरागत’ असा न देता ‘पुनर्रचित’ असाच द्यायला हवा. ‘चोयोंगमू’ या मुखवट्यांच्या नृत्याचेही 1920 च्या दशकात पुनरुज्जीवन करावे लागले होते, ही बाब त्याला 2009 मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाल्यामुळे झाकली जाऊ नये.

चीनचा मुद्दा थोडक्यात आटोपता येतो. कोरियन परंपरा स्वतःच ‘दांगाक’ म्हणजे चीनकडून आलेली आणि ‘ह्यांगाक’ म्हणजे देशी असे दोन वर्ग मानते, त्यामुळे जे कोणी लपवलेच नाही ते उघडकीस आणल्याचा आव कशाला? पहिल्या वर्गातले चेंडूफेकीचे ‘पोगुराक’ गोर्यो या मध्ययुगीन राजवंशाच्या दरबारात 1073 मध्ये आले. त्यात नेम साधणाऱ्याला फूल मिळते आणि चुकणाऱ्याच्या गालावर शाईचा ठिपका उमटतो. जे नऊशे वर्षे कोरियात नाचले गेले, त्याला उसने किती काळ म्हणत राहायचे, याचे उत्तर दावा करणाऱ्यांनीच द्यावे. ‘चोयोंगमू’ ज्याच्या नावाने ओळखले जाते त्या चोयोंगची कथा तर सिल्ला या प्राचीन कोरियन राज्याची, नवव्या शतकातली आणि देशी आहे.

शंकाच घ्यायची तर एक खरी जागा शिल्लक आहे, आणि ती चित्रफितींखालच्या त्या मजकुरात कुठेच येत नाही. जोसन या कोरियाच्या शेवटच्या राजवंशाच्या काळात अंतःपुरातील मेजवान्यांमध्ये स्त्रिया नाचत आणि पुरुषांच्या मेजवान्यांमध्ये मुलगे. 1923 च्या समारंभात नाचलेले मुलगेच होते. त्यांच्याकडून आलेले अंगवळण आज प्रामुख्याने स्त्रिया रंगमंचावर आणतात, तेव्हा अंतःपुरातल्या नर्तकींच्या चालीतले त्यात किती उतरले असेल, हे पोथ्यांमधून आणि गिसेंग कलावंतिणींच्या शिष्यपरंपरेतून अजून शोधायचे आहे.